हातचा एक, मोठ्याने

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पाचवी ते सातवीच्या गणिताची शिकवणी घेते. परवा सहावीतल्या एका मुलाला गणित घातलं. पिंपळगावच्या बाजारात एका शेतकऱ्याने ३७ कॅरेट टोमॅटो नेले, एका कॅरेटमध्ये २० किलो माल, भाव किलोला १४ रुपये, गाडीभाडं ८६० रुपये. शेतकऱ्याच्या हातात किती उरले? पोराने दोन मिनिटांत १०,३६० लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि पंख्याकडे बघत बसला. गुणाकार बिनचूक होता. गाडीभाडं कुठेच नव्हतं.

"भाडं कोण देणार?"

"अरे हो की!"

ही त्या आठवड्यातली चौथी "अरे हो की" होती. मी वही मिटायला लावली. म्हटलं, लिहू नकोस, मला ऐकू येईल असं नुसतं बोल.

"काय विचारलंय... उरले किती. म्हणजे काहीतरी जाणार आहे. काय जाणार? भाडं. आठशे साठ. ते शेवटी. आधी माल किती? सदतीस कॅरेट, वीस वीस किलो, सातशे चाळीस. गुणिले चौदा... चाराने गुणलं की दोन हजार नऊशे साठ, दहाने सात हजार चारशे. दहा हजार तीनशे साठ. आता ते जाणारं राहिलंय. भाडं. साडेनऊ हजार, बाई!"

मधल्या पाच मिनिटांत मी त्याला नवीन काहीही शिकवलं नव्हतं. फक्त विचार मोठ्याने करायला लावला होता, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

या मुलाला एडीएचडी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची आई डॉक्टरांनी दिलेली एक प्रश्नावली घेऊन माझ्याकडे आली होती, शिकवणाऱ्यांनी भरायची. सांगितलेलं काम अर्धवट सोडतो का, वस्तू हरवतो का, समोरचा बोलत असताना मध्येच तोंड घालतो का. त्याच्यासाठी खुणा करता करता मला घाम फुटला, कारण निम्म्या खुणा माझ्याच होत्या. पुढे वर्षभराने, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, माझंही निदान झालं. त्यामुळे हा लेख शिकवणाऱ्या बाईचा आहे तेवढाच आयुष्यभर चष्मा फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या बाईचाही आहे.

एडीएचडीचं लांबलचक नाव अटेंशन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. नावातला 'डेफिसिट' फसवा आहे. लक्ष कमी असतं असं नाही, ते हवं तिथे लावणं आणि नको तिथून काढणं जमत नाही. हाच मुलगा क्रिकेटचे आकडे दोन तास वाचतो. घरात पैसा भरपूर असावा पण कारभारी धड नसावा, तशी गत. मेंदूतल्या या कारभाराला मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. आधी काय, नंतर काय, आत्ता थांब, मघाशी काय ठरलं होतं, हे सगळं त्याच्याकडे. रक्त तपासून किंवा डोक्याचा फोटो काढून एडीएचडी कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सविस्तर बोलून, बारा वर्षांच्या आधीपासूनच्या खुणा तपासून निदान करतात, आणि त्रास एकाच ठिकाणी आहे की घर, शाळा, ऑफिस असा सगळीकडे, तेही बघतात.

या कारभाऱ्याकडचं एक खातं या लेखापुरतं महत्त्वाचं आहे. त्याला इंग्रजीत वर्किंग मेमरी म्हणतात. माझ्या मते मराठीत त्याला फार जुना आणि फार चांगला शब्द आहे: हातचा. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. तो एक अजून उत्तरात लिहायचा नसतो आणि विसरायचाही नसतो. पुढची बेरीज होईपर्यंत तो कुठेतरी धरून ठेवायचा असतो. आयुष्यातली बहुतेक कामं अशीच असतात. दूध उकळायला ठेवलंय हा हातचा, दारात कुरिअरवाला आलाय ही चालू बेरीज. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचा हातचा पुढच्या घरापर्यंत पोचतच नाही. बेरीज येत असते. दूध मात्र उतू गेलेलं असतं.

आता हा हातचा डोक्यात राहतो कसा? १९७४ मध्ये अॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली, ती थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही वापरात आहे. तिच्यात एक भाग आवाजाचा आहे. ऐकलेला किंवा मनात उच्चारलेला शब्द तिथे दोनेक सेकंद टिकतो आणि विरतो. विरण्याआधी पुन्हा म्हटला तर आणखी दोनेक सेकंद. ओटीपी आला की तो टाकून होईपर्यंत आपण "चार सात नऊ दोन, चार सात नऊ दोन" करतो, ते हेच. बहुतेक माणसं हे मनातल्या मनात करतात, इतकं सहज की करतोय हेही कळत नाही.

मनातला हा रहाट चालू ठेवणं हे मात्र कारभाऱ्याचंच काम आहे, आणि आपल्या गोष्टीत नेमका तोच ढिला आहे. मनातला आवाज दुसऱ्या विचाराच्या धक्क्याने बंद पडतो आणि बंद पडल्याचं कळतही नाही. तोंडाने उच्चारलेला शब्द वेगळ्या वाटेने येतो. तो हवेत जातो आणि स्वतःच्याच कानातून परत आत शिरतो. कानावर पडलेलं बोलणं आत घ्यायला वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. शेजारच्या घरातलं भांडण ऐकायचं नाही असं ठरवलं तरी ऐकू येतंच की. म्हणजे मोठ्याने बोलणारा माणूस आपला हातचा क्षणभर बाहेर ठेवतो आणि लगेच परत घेतो. शिवाय बोलणं थांबलं तर शांतता होते, आणि ती शांतता लक्षात येते. मनातला आवाज थांबला तर कुणालाच कळत नाही, आपल्यालाही नाही.

दुसरा फायदा साधा आहे. विचार पाच वाटांनी पळू शकतात, तोंड एकच आहे. टोमॅटो, पंखा, उद्याची मॅच आणि चौदाचा पाढा हे सगळं एकदम उच्चारता येत नाही. बोलण्यामुळे वेग कमी होतो आणि ज्यांना घाईची खोड आहे त्यांना तो कमी होणंच हवं असतं.

हे सगळं ठीक, पण मोठी माणसं सहसा स्वतःशी मोठ्याने बोलत नाहीत, मग लहान मुलं का बोलतात? यावर शंभर वर्षांपूर्वी एक गाजलेला वाद झाला. स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी १९२३ मध्ये मांडलं, की लहान मूल खेळताना जे एकटंच बडबडतं ते त्याच्या आत्मकेंद्री विचाराचं लक्षण आहे, समोरच्याचा विचार करायला लागलं की ते गळून पडतं. रशियातल्या लेव्ह व्हिगॉट्स्की यांना हे पटलं नाही. त्यांनी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि मुद्दाम अडचणी केल्या, कुठे कागद कमी, कुठे हवी ती रंगीत पेन्सिल गायब. अडचण आली की मुलांची बडबड जवळपास दुप्पट झाली. निळी पेन्सिल नाही म्हणून एक मूल स्वतःशीच म्हणालं, जाऊ दे, लाल रंगाने काढून पाण्याने ओलं करतो, गडद होऊन निळ्यासारखं दिसेल. तोडगा तोंडातूनच निघाला. व्हिगॉट्स्की म्हणाले, ही बडबड गळून पडत नाही, ती आत जाते. आधी आई मुलाशी बोलते, मग मूल स्वतःशी मोठ्याने बोलतं, मग पुटपुटतं, मग ओठ हलतात, आणि शेवटी तोच आवाज मनातला होतो. १९३४ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने ते गेले.

पुढचा दुवा आपल्या विषयाचा. लॉरा बर्क या अमेरिकी संशोधिकेने एका सहकाऱ्याबरोबर १९९१ मध्ये वर्गात गणितं सोडवणाऱ्या मुलग्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं, काहींना एडीएचडी होता, काहींना नव्हता. दोन्ही गट त्याच पायऱ्यांनी जात होते, पण एडीएचडी असलेल्या मुलांचा आवाज आत जायला जास्त वेळ लागत होता. इतर मुलं ओठ मिटून करत होती त्या वयात ही मुलं अजून मोठ्याने बोलत होती. १९९७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी एडीएचडीची जी मांडणी केली, तिच्यातही बोलणं आत जाण्यातला हा उशीर एक महत्त्वाचा खांब आहे.

आता आपल्या शाळेतली आज्ञा आठवा. हाताची घडी, तोंडावर बोट. मीही ती पाचशे वेळा पाळली आणि खरं सांगायचं तर शिकवणीच्या पहिल्या वर्षी दिलीही. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळायचा तर दुसरं काय करणार, हे मला कळतं. पण बघा, त्या एका आज्ञेत मुलाची दोन्ही हत्यारं एकदम काढून घेतली जातात. बोटं, ज्यांवर तो मोजतो, आणि तोंड, ज्याने तो हातचा धरून ठेवतो. "मनातल्या मनात वाच" हे आपण शिस्त म्हणून सांगतो. ज्या मुलाचा मनातला आवाज अजून पुरता तयारच झालेला नाही, त्याला ते पायऱ्या न चढता गच्चीवर ये म्हटल्यासारखं आहे.

मोठ्यांच्या जगात मात्र जिथे चूक परवडत नाही तिथे मोठ्याने बोलायचा नियमच आहे. माझा मामेभाऊ रेल्वेत सहायक लोको पायलट आहे, मनमाडला राहतो. इंजिनात दोघं असतात आणि समोरचा प्रत्येक सिग्नल दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा, हात करून. दिसतोय दोघांनाही, तरी सांगायचा. त्याची बायको म्हणते, घरी झोपेतही "हिरवा, हिरवा" करतो. जपानच्या रेल्वेत याचंच आणखी कडक रूप आहे, बोट दाखवायचं आणि नाव उच्चारायचं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये एका साध्या कामावर हे तपासलं, तेव्हा शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या त्या ०.३८ वर आल्या. ती माणसं काही ढिल्या लक्षाची म्हणून निवडलेली नव्हती. मग ज्यांचा कारभारी ढिला आहे त्यांनी बोललं तर लाज कसली?

बोलावं कसं, हे मात्र शिकावं लागतं. नुसती बडबड आणि विचार मोठ्याने करणं यात फरक आहे. मला स्वतःला जे लागू पडलं ते सांगते.

पहिलं म्हणजे आज्ञा न देता प्रश्न विचारणं. "आता जीएसटीचं काम कर" असं स्वतःला बजावलं की माझं मन तिथेच आडवं होतं. (माझ्या दिराचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याचे हिशेब मी बघते.) "आत्ता माझ्यासमोर काय आहे?" असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. "बिलांची फाइल. कुठल्या महिन्याची? जूनची. काय नाहीये? दोन बिलं नाहीत. ती कुणाकडे असतील?" इथवर आलं की फोन हातात घेतलेला असतो. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ना, तसं पहिलं वाक्य उच्चारलं की दुसरं येतं. मनात योजना तयार होईल मग बोलू, असं म्हटलं तर संध्याकाळ होते.

दुसरं, वस्तू शोधताना तिचं नाव घेणं. किल्ली हरवली की मी "किल्ली, किल्ली, लाल दोरीची किल्ली" म्हणत घरभर फिरते. मुलं हसायची. मग मला कळलं, की गॅरी लुपियन आणि डॅनियल स्विंगली या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हे तपासून पाहिलंय. ओळखीची वस्तू असेल आणि ती नावाला साजेशी दिसत असेल तर नाव उच्चारल्याने ती लवकर सापडते. नाव आणि दिसणं जुळत नसेल तर उलट उशीर होतो. म्हणून "ते हे कुठे गेलं ते" असं म्हणत शोधण्याचा काही उपयोग नाही, आणि आमच्या घरात सगळे तसंच शोधतात.

तिसरं, कुणालातरी समजावणं. प्रोग्रामर लोकांत एक जुनी युक्ती आहे, कोडमधली चूक सापडेना की टेबलावरच्या रबरी बदकाला ओळन् ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता "इथे हे होतं, म्हणून..." या 'म्हणून'पाशी जीभ अडखळते, आणि चूक तिथेच असते. मी गॅलरीतल्या तुळशीला सांगते. समोरच्या इमारतीतल्या आजींना वाटतं मी रोज सकाळी स्तोत्र म्हणते. तो गैरसमज मी दूर केलेला नाही. तुळशीचा मोठा गुण असा, की ती मध्ये बोलत नाही. नवऱ्याला सांगायला गेलं की तिसऱ्या वाक्याला तो उपाय देतो, उपाय चांगला असतो, आणि माझा धागा तुटतो. आता आमचं ठरलंय. मी आधीच सांगते, "अहो, ऐकायचं फक्त." तो चहा पितो आणि हूं हूं करतो. कुणाच्या घरात एडीएचडीचं माणूस असेल तर त्यांनी एवढं हूं हूं जरूर शिकून घ्यावं.

आणि एक. स्वतःवर ओरडणं हेही मोठ्याने बोलणंच आहे, पण त्याने काम होत नाही. "मूर्ख आहेस, परत विसरलीस" हे शब्द तीच दोन सेकंदांची जागा अडवतात जिथे हातचा ठेवायचा असतो. ताणाच्या वेळी स्वतःशी 'मी' असं न बोलता स्वतःला नावाने हाक मारून बोललं तर माणूस जरा अंतरावरून बघू शकतो, असं मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१४ मधल्या प्रयोगांत आढळलं. आपल्याकडे बायका हे करतातच. "अगं बाई, थांब जरा, श्वास घे" हे मी द्वारकेच्या सर्कलला गाडीवर बसून दररोज म्हणते. हेल्मेटच्या आत कुणाला ऐकू जात नाही.

लोकांत बोलायची लाज वाटते त्यांच्यासाठी आता फार सोय झाली आहे. कानात इअरफोन घातले की माणूस वेडा ठरत नाही, बिझी ठरतो. गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे निम्मी माणसं हवेशी बोलत असतात, त्यातली फोनवर किती आणि स्वतःशी किती हे कुणाला माहीत? मी व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच आवाजी मेसेज पाठवते. परत ऐकते क्वचितच. सांगण्यातच निम्मं काम झालेलं असतं. आणि दरवेळी मोठा आवाज लागतोच असं नाही. पुटपुटलं, ओठ हलवले तरी बऱ्याचदा भागतं.

चालत नाही तिथे हे मुळीच चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कोडी दोन प्रकारची असतात. टोमॅटोच्या गणितासारखी, जिथे पायरीवर पायरी चढायची असते, तिथे बोलणं मदत करतं. पण काही कोडी अचानक सुटतात, आंघोळ करताना, भाजी निवडताना. मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की अशा कोड्यांवर विचार करताना मोठ्याने बोलायला लावलं तर माणसं कमी यशस्वी होतात. म्हणून डिझाइन सुचायचं असेल, कवितेची ओळ अडली असेल, तर गप्प बसून फेरी मारून यावं.

दुसरा धोका शेपटांचा, म्हणजे बोलण्याला बोलणं फुटत जाण्याचा. एडीएचडीवाल्याचं तोंड सुरू झालं की गंगापूर धरणावरून निघालेलं बोलणं सप्तशृंगी गडावर पोचतं. माझ्या समोर एक चिठ्ठी असते, वर लिहिलेलं 'नंतर'. आडवा विचार आला की एका शब्दात तिथे टाकायचा आणि शेवटचं वाक्य पुन्हा उच्चारून मूळ रस्त्याला यायचं. आणि काही जणांना स्वतःच्या आवाजानेच विचलित व्हायला होतं. त्यांनी बोलू नये, लिहावं. कागद हाही बाहेर ठेवलेला हातचाच.

हे औषधाला पर्याय मात्र नाही. १९७१ मध्ये डोनाल्ड मायकेनबाउम आणि जोसेफ गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी घाईखोर मुलांना स्वतःशी बोलायला शिकवायची पद्धत मांडली तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. पुढे १९८० च्या दशकात हॉवर्ड अॅबिकॉफ यांच्यासारख्या संशोधकांनी एडीएचडीच्या मुलांवर असं प्रशिक्षण तपासलं, तर ते शाळेच्या रोजच्या कामात फारसं उतरत नाही असं दिसलं. माझं मत विचाराल तर यात नवल नाही. शिकवणीत तासभर बोलायला शिकवायचं आणि वर्गात गेल्यावर तोंडावर बोट, मग उतरणार कुठून? पण ज्यांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत त्यांनी हे वाचून त्या बंद करू नयेत, एवढं स्पष्ट सांगते. मी माझी घेते.

मायकेनबाउमच्या पायऱ्या मात्र मी उचलल्या आहेत, कारण त्या व्हिगॉट्स्कीच्या वाटेनेच उतरतात. आधी मी गणित मोठ्याने बोलत सोडवते, चुका करत, "अरे, हातचा राहिला, परत येऊ" असं म्हणत. मुद्दाम चुकते, म्हणजे चुकल्यावर काय बोलायचं तेही कानावर पडतं. मग मी बोलते आणि मूल करतं. मग ते स्वतः बोलतं. मग कुजबुज. मग नुसते ओठ. परीक्षेच्या हॉलमध्ये ओठांवर भागवावं लागतं, म्हणून हा प्रवास गरजेचा. किती दिवसांत कुठली पायरी, याचं वेळापत्रक मी ठेवत नाही. ठेवून बघितलं होतं, ते हरवलं.

टोमॅटोवाला सध्या कुजबुजीवर आहे. काल सगळे खाली मान घालून बेरजा करत होते, खोलीत पंख्याचा तेवढा आवाज, आणि हा मध्येच विसरून खणखणीत म्हणाला, "हातचा दोन!" दोघं हसली. भिंतीला टेकून बसलेली सातवीची मुलगी, जी एरवी कधी चुकत नाही, तिने वहीत वर बघितलं, खोडरबर घेतलं आणि काही न बोलता एक आकडा बदलला.